बांधलेल्या गावातला नास्तिक

गाव बांधायचं ठरलं त्या बैठकीला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो. आयुष्यातल्या बहुतेक चुका मी अशाच आपणहून जाऊन केल्या आहेत.

आर्णीचा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. एसटीत कंडक्टर होतो, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरच्या थोड्या कापसा-तुरीत येऊन बसलो. त्या वर्षी पावसाळा उतरता उतरता गुरांमध्ये लम्पी शिरली. आधी खालच्या आळीतल्या एका गाईच्या अंगावर गाठी आल्या, मग तिच्या शेजारच्या कोठ्यातल्या गोऱ्ह्याच्या. डॉक्टर येऊन लस टोचून गेले. जाताना म्हणाले, ज्याच्या अंगात आधीच शिरलंय त्याला लस काय करणार. कोणत्या जनावराच्या अंगात शिरलंय ते दिसत नव्हतं. गावातली माणसं सकाळी उठून आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवायची, मग स्वतःच्या तोंडावरून. कोणाचा हात मानेवर मध्येच थांबला की समजायचं.

म्हणून गाव बांधायचं, म्हणजे रोगाला नेमानं शिवेबाहेर काढायचं. पारावर आबाजी, गावातले सगळ्यांत वयस्कर, नेम सांगत होते. मंगळवारी दिवस निघाल्यापासून कोणाच्या घरी विस्तव नाही. दळण नाही, कांडण नाही. शिवेच्या आत कोणी यायचं नाही, बाहेर कोणी जायचं नाही. मरीमायचा लाकडी गाडा गल्लीगल्लीतून फिरेल, घरोघरची मूठभर ज्वारी आणि एखादं फाटकं सूप घेईल आणि शिवेपल्याड जाईल. तो पल्याड गेला की मग चुली.

शिवेपल्याड म्हणजे पुढच्या गावच्या हद्दीत, म्हणजे आपली बला त्यांच्या दारात, हे मी तिथेच बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही.

"एक घर बी सुटलं त सबन गाव सुटलं," आबाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"आबाजी, मी नाही मानत. हा माहा वैयक्तिक प्रश्न आहे."

"नको मानू, बापा. तुह्या चुलीचं काय?"

"माही चूलही वैयक्तिकच आहे."

"त्याच्या घरी चूल नाही, आबाजी," मागून कोणीतरी म्हणालं. "गॅस हाय."

"त मंग गॅस," आबाजी म्हणाले. विषय संपला.

'वैयक्तिक' हा शब्द मी यवतमाळहून आणला होता. तिथे एका भाषणात ऐकलं, देव मानणं न मानणं ही ज्याची त्याची वैयक्तिक निवड आहे. वाक्य मला इतकं आवडलं की लग्नात, बारशात, तेरवीत, जाईन तिथे मी ते वापरत सुटलो. तेरवीत नको होतं वापरायला. खरं म्हणजे मी कधी काही निवडल्याचं मला आठवत नाही. छत्री कुठेतरी राहून जाते आणि पाऊस आल्यावर हात रिकामा असल्याचं कळतं, तसा माझा देव कुठेतरी राहून गेला. कोणत्या स्टॉपवर, ते सांगता येत नाही. आमचा ड्रायव्हर रोज पहाटे स्टेअरिंगला हात लावून उदबत्ती ओवाळायचा. त्याच्या उदबत्तीच्या भरवशावर मी नोकरीभर घाट उतरलो आणि वर त्यालाच अक्कल शिकवत राहिलो.

बैठकीतून उठताना शेजाऱ्यानं माझं कोपर धरलं. आमची भिंतीला भिंत आहे आणि दोस्ती भिंतीच्याही आधीची. त्याच्याकडे बैलजोडी होती, त्याच्याच गाईची दोन वासरं, एका वर्षाच्या अंतरानं झालेली. घरात सगळे ट्रॅक्टर घे म्हणत होते. तो म्हणायचा, ट्रॅक्टर कोठ्यात बांधला त रात्री रवंथ करेल का? पोरगी सासरी गेली तेव्हा तो रडला नव्हता. डाव्या बैलाच्या खुरात काच गेली तेव्हा रडला होता.

"एक दिवस उपाशी राह्यला त मरशील का बे?"

"उपाशी राह्याचं नाही रे. तत्त्वाचं आहे."

"मंग मंगळवारी तत्त्व खाय," तो म्हणाला. पण कोपर लगेच सोडलं नाही. "माह्या जनावरायसाठी राह्य, लेका."

मी 'पाहू' म्हणालो.

मंगळवारी गाव असं गप्प झालं की मला आमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा पत्ता लागला. मिक्सर नाही, टीव्ही नाही, ट्रॅक्टर नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे बैल नाकातून श्वास ओढत होते तेवढं ऐकू यायचं. आभाळ खाली आलेलं. कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मध्यावर बसायची सोडून कडेला बसली होती. बायको आंघोळ करून ज्वारीची मूठ घेऊन निघाली. "अजी, आज सैपाकघरात पाय ठेवू नोका," म्हणाली आणि दार ओढून गेली.

भूक एका बाजूला आणि तत्त्व दुसऱ्या बाजूला असतं तर मी नक्की तत्त्वाला दगा दिला असता आणि गावात सुखानं राहिलो असतो. माझं दुर्दैव असं की दोन्ही एकाच बाजूला निघाली. मला फक्त खिचडी येते आणि खिचडी फक्त कुकरात येते. खिडक्या लावल्या. वास बाहेर जाऊ नये म्हणून फोडणीही दिली नाही. वासाचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला आवाज सुचू नये, ही माझ्या बुद्धीची खास ठेवण आहे.

डफडं मागच्या गल्लीत वाजत होतं. गाडा तिथपर्यंत आला असावा. आणि कुकरनं शिट्टी दिली.

एरवी ही शिट्टी स्वयंपाकघराबाहेर जात नाही. त्या दिवशी ती सगळ्या गावावरून फिरून आली. मी धावत जाऊन ओलं फडकं टाकलं. कुकरनं त्यावर दुसरी दिली, पहिलीपेक्षा लांब. गॅस बंद केला. डफडं थांबलं होतं.

मी दाराकडे बघत उभा राहिलो. भांडण झालं तर काय बोलायचं ते मनात जुळवलं, 'वैयक्तिक' शब्द कुठे घालायचा तेही ठरवलं. कोणी आलं नाही. एकही शिवी आली नाही. बऱ्याच वेळानं डफडं पुन्हा सुरू झालं, पण आमच्या गल्लीत आलं नाही. ते लांबच्या बाजूनं शिवेकडे गेलं.

बायको परतली. तिनं कुकरकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, ही वाईट खूण.

"आपली मूठ त्यायनं घेतली," ती म्हणाली. "पन गाड्यात नाही टाकली. बाजूले ठेवली. सगळ्या बाया खाली पाहून राह्यल्या होत्या, अजी. माह्याकडं एकीनं नाही पाह्यलं."

खिचडी तिनं लिंबाच्या झाडाखाली पुरली. मला वाटलं होतं, निदान मी तरी खाईन. पुरताना तिचा चेहरा बघून मी फावडं धरलं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्याचा डावा बैल बसला. आधी पाय सुजले, मग मानेवर गाठी, मग त्यांतून पाणी. डॉक्टर दोनदा आले. बैलानं कुटार सोडलं, ढेप सोडली, शेवटी पाणीही सोडलं, आणि एका दुपारी मान लांब करून गेला. गायरानात जेसीबीनं खड्डा खणून ठेवला होता. खड्डा एका जनावराच्या मानानं फार मोठा होता. खणणाऱ्यानं पुढचा अंदाज धरला होता. बैलाला बकेटमध्ये उचललं तेव्हा त्याचे पाय खाली लोंबत होते. शेजारी सोबत चालत ते पाय हातानं वर धरायचा प्रयत्न करत होता. कोणी त्याला थांबवलं नाही. वरून मीठ पडलं, चुना पडला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तसा आजूबाजूचा घोळका हळूच सरकला. आमच्या दोघांभोवती मोकळी जागा झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती एकट्या माझ्याभोवती होती.

मला कोणी काही बोललं नाही. दुकानदार हसून सामान द्यायचा, पैसे मात्र फळीवर ठेवायला लावायचा. ढोरकी गुरं आमच्या दारावरून न्यायचा तो मागच्या पांदणीनं नेऊ लागला. हापशीवर बायकोला बायका जागा करून द्यायच्या. "इतकी जागा करते की मले लाज वाटते," ती म्हणाली. एका सकाळी उंबऱ्यावर चिरलेलं लिंबू होतं. मी ते उचलून म्हणालो, सरबत करू. बायकोनं माझ्या हातातून घेतलं आणि आत न आणता तशीच बाहेर गेली. ते तिनं कुठे टाकलं, ते मी विचारलं नाही. विनोद करायचा आणि नंतर बराच वेळ हात धुवायचे, असं माझं चालू होतं.

मग एका संध्याकाळी शेजारी भिंतीपाशी आला. ती भिंत छातीएवढी आहे. आम्ही तिच्यावर कोपरं टेकून उभ्या जन्माच्या गप्पा मारल्या. त्या दिवशी त्यानं कोपरं टेकली नाहीत.

"उजव्याले बी ताप हाय."

"डॉक्टर?"

"आलते. सुई देली. म्हने वाट पाहा." त्यानं भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. "गाव पुन्हा बांधून राह्यले. या खेपेले गाडा तू ओढजो."

"मी?"

"ज्याच्यानं सुटलं त्यानंच बांधाचं, आबाजी म्हनते."

मी भाषण सुरू केलं. माझा नाइलाज आहे, समोर माणूस उभा दिसला की होतं. म्हटलं, अरे, मी काही हट्टानं नाही मानत असं थोडंच आहे? उद्यापासून मानतो म्हटलं तरी मानता येते का? तुले कोणी म्हटलं, उद्यापासून बैलाची माया सोड, त सोडशील?

त्यानं कोठ्याकडे पाहिलं. आत उजवा बैल उभा होता, शेजारची गव्हाण रिकामी.

"तुह्यं मन कोन मांगून राह्यलं बे?" तो म्हणाला. "ते ठेव तुह्यापाशी. मले तुहे हात पाह्यजेत. अन् त्या दिवशी गॅस लावू नको."

इतकं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, सगळा झगडा माझ्या मनासाठी चालला आहे आणि गाव त्याच्यावर डोळा ठेवून आहे. गावाला त्याची गरजच नव्हती. एवढे दिवस मी ज्याची राखण करत होतो ते कोणी मागितलंच नव्हतं. मला थोडं लागलंच ते. पण हलकंही वाटलं. हात तर देता येतात.

दुसऱ्या खेपेला मी उपाशी राहिलो. अनवाणी आलो. गाडा म्हणजे लहान पोराच्या खेळण्यासारखा, कडुलिंबाच्या डहाळ्या लावलेला, आत हिरव्या बांगड्या आणि नारळ. त्याचं एक चाक वाकडं, त्यामुळे तो सारखा डावीकडे गटारात जायचा. मी ओढायचो, तो गटार बघायचा. प्रत्येक दारापाशी थांबायचं, बाई सूप टाकायची, मूठ टाकायची, मग पुढे. दोन-तीनदा माझ्या तोंडात 'चला' आलं आणि हात घंटीच्या दोरीकडे वर गेला. मी ते गिळलं. खालच्या आळीत डफडेवाल्याच्या खिशात मोबाईल वाजला, लग्नातलं धांगडधिंगा गाणं. मागची पोरं खुदकन हसली. आबाजींनी मागे वळून पाहिलं. पोरांकडे नव्हे, माझ्याकडे.

मी हसलो नव्हतो. माझ्या जन्मात ही एकच जागा असेल जिथे मला हसू आलं नाही.

शेजाऱ्याच्या दारात गाडा थांबला. त्याच्या बायकोनं ज्वारी टाकली आणि त्यानं आत जाऊन उजव्या बैलाचं जुनं दावं आणून गाड्यात ठेवलं. तिथून पुढे मी एक गोष्ट केली जी मी कोणत्याही नास्तिकाला सांगणार नाही. मी प्रयत्न केला. खरोखर, दात आवळून. मनात म्हटलं, कोणी असशील तर एवढा बैल राहू दे, मी हरलो, मी गावभर सांगत फिरेन की मी हरलो. शिंक अडकली की माणूस नाक वर करून, डोळे मिटून वाट बघतो, तसा मी शिवेपर्यंत आत वाट बघत होतो. काटे रुतले, चिखल लागला, डफडं कानात वाजत होतं. आत काही हललं नाही. शिवेवर गाडा पल्याड लोटला, हात जोडले, मिटलेल्या डोळ्यांत पुन्हा जोर लावला. आत आमच्या गावासारखंच गप्प होतं, विस्तव नसलेलं.

परतताना मागे पाहायचं नसतं. मी नाही पाहिलं. बायको बायांच्या रांगेत जाताना-येताना माझ्या पाठीमागेच होती.

उजवा बैल त्यानंतर दोन दिवस कुटार खात होता. गावात मला रामराम सुरू झाले. दुकानदारानं हातात पैसे घेतले. मग बैल पुन्हा बसला, आणि या खेपेला पटकन गेला. खड्ड्यात जागा होतीच.

शेजारी त्यानंतर जेवेना. त्याची बायको भिंतीपाशी येऊन माझ्या बायकोला सांगून गेली, पाण्याशिवाय काही जात नाही, कोठ्यात बसून असतात. मी गेलो. तो दोन रिकाम्या गव्हाणींच्या मध्ये बसला होता. दाढी वाढलेली. मी समोर बसलो. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग नव्हता. राग असता तर मी उत्तर जुळवून आणलं असतं.

"एक इचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"सगळं केलं ना आपन? नेमानं? उपास, मूठ, गाडा? कोनाच्या घरी इस्तव नव्हता?"

"नव्हता."

"मंग काहून गेला तो?" तो जमिनीकडे बघून म्हणाला. "सगळं केल्यावर बी जाते त मंग... मंग कोनी हायच नाही का तिकडं? का हाय अन् त्याले माहा बैल दिसला नाही? दोन्हीतलं कोनतं, सांग. तू शिकलेला हायेस."

हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांच्या अंगावर फेकला होता. त्याच्या तोंडून ऐकताना तो माझा वाटेना. माझ्याकडे छत्री नाही, ठीक आहे, मी सवयीनं भिजत आलो. हा माणूस आत्ता, या कोठ्यात, पहिल्यांदा वर बघून हात रिकामा असल्याचं तपासत होता.

मग त्यानंच वाट काढली. हळूच म्हणाला, "खरं सांग. गाडा ओढतानी तू मनातल्या मनात हासला का?"

हातच मागितले होते, मन नाही, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. त्यानं मान वर करून धरली होती आणि मी काय बोलतो त्याची वाट बघत होता. डॉक्टर बैलाला तपासून उठले की तो त्यांच्याकडे असाच बघायचा.

"हासलो," मी म्हणालो. "मोबाईल वाजला तवा."

त्यानं श्वास सोडला. खांदे खाली आले. बराच वेळ तो मान हलवत राहिला.

"मले वाटलंच," तो म्हणाला. आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो, भाकर टाक."

त्यानं माझ्यासमोर भाकर खाल्ली, हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी. मला वाढ म्हणाला नाही. मी उठून आलो.

संध्याकाळी बायको हापशीवरून रिकामी घागर घेऊन परत आली. या खेपेला कोणी जागा करून दिली नव्हती, कोणी सरकलंच नाही, म्हणाली. घागर खाली ठेवून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"तुमी हासले म्हनते सबन गाव. तुमीच कबूल केलं म्हनते."

"हो."

"मी मांगंच होती तुमच्या," ती म्हणाली. "गाडा निघाल्यापासून घरी येईपरेंत. तुमचे खांदे पाहून राह्यली होती मी, अजी. तुमी काहून असं सांगतलं?"

"त्याचं जेवण अडलं होतं."

तिनं रिकामी घागर उपडी ठेवली. बाहेर सांज होत होती. खालच्या आळीकडून कोणी बाई ओरडत रस्त्यानं गेली. तिच्या गाईनं मान टाकली होती एवढं समजलं. थोड्या वेळानं पारावर माणसं जमू लागली. खिडकीतून दिसत होती, एकेक, हातात काही नाही, बोलणंही नाही. आबाजींना खुर्ची आणून दिली. शेजारी आला. तो नेहमी आमच्या घराकडे तोंड करून बसतो, पाराची ती बाजू त्याची ठरलेली. आज तो पलीकडच्या बाजूला जाऊन बसला, पाठ इकडे करून. कोणीतरी त्याला काही विचारलं. त्यानं मान हलवली. मग एकेक करून सगळ्यांची तोंडं आमच्या खिडकीकडे वळली, त्याचं सोडून.

बायकोनं खिडकी लावली. पुढच्या दाराला कडी घातली. मग मागच्या अंगणात गेली आणि ज्या दाराला लग्न होऊन आल्यापासून तिनं कधी अडसर घातला नव्हता, त्याचा अडसर शोधू लागली. तो कुठे ठेवला आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.